विश्लेषण : पाण्यातला साप बिनविषारीच असतो का? अंजनवेलच्या खाडीवर कॅमेरा घेऊन जाण्यापूर्वी...

पाऊस सुरू झाला की कोकणातून सापांचे व्हिडीओ फोनवर येऊ लागतात. भातखाचरातून सळसळत जाणारी दिवड, विहिरीत पडलेला नाग, जाळ्यात आलेला समुद्री साप. प्रतिक्रियांमध्ये एक वाक्य हमखास सापडते : ‘पाण्यातला आहे, काही करत नाही.’ गावातल्या तळ्यापुरते किंवा शेतापुरते हे बहुतांशी खरे आहे. पण गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलसारख्या गावात हेच वाक्य जिवावर बेतू शकते. तिथे गोडे पाणी, मचूळ पाणी आणि समुद्र अगदी जवळजवळ आहेत आणि तिन्हींतले साप वेगळे आहेत. पाणसाप पाहायला आणि त्यांचे फोटो काढायला कोकणात जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. म्हणून कुठे, कधी, कसे आणि मुख्य म्हणजे किती अंतरावरून, याची ही माहिती.

अंजनवेलच का?

वाशिष्ठी नदी चिपळूणवरून येते आणि अरबी समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिण काठावर अंजनवेल आहे. समोरच्या काठावर दापोली तालुक्यातले दाभोळ. बहुतेकांना अंजनवेल माहीत असते ते गोपाळगडामुळे, दीपगृहामुळे किंवा एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे. सापांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते जमिनीचे उतरणे. वर जांभ्याचा सडा, त्याखाली वाड्या आणि भातशेती, शेतातून वाहणारे व्हाळ, मग खाजण, कांदळवन, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि शेवटी समुद्र. माणूस थोड्या वेळात हे सगळे पायी पार करतो. साप सहसा आपला पट्टा सोडत नाहीत. त्यामुळे तुम्ही कुठे उभे आहात, यावरूनच समोर कोणता साप असण्याची शक्यता आहे याचा निम्मा अंदाज येतो.

उरलेला निम्मा अंदाज शेपटीवरून येतो. त्याकडे पुढे येऊच.

गोड्या पाण्यात कोण दिसते?

सर्वात आधी दिसणारी अर्थातच दिवड. कुठे तिला पाणदिवड म्हणतात, कुठे विरोळा. शास्त्रीय नाव फाउलिया पिस्केटर. पिस्केटर म्हणजे लॅटिनमध्ये कोळी, मासे धरणारा. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, आणि डोळ्याखालून ओठाकडे व मागे जाणाऱ्या दोन काळ्या तिरप्या रेघा. या रेघा दिसल्या की ओळख जवळजवळ पक्की. खाणे मासे आणि बेडूक. भाताच्या खाचरात जून ते सप्टेंबर या काळात दोन्हींची कमतरता नसते, म्हणून दिवडही तिथेच.

दिवड बिनविषारी आहे, पण गरीब मुळीच नाही. कोपऱ्यात सापडली की मान चपटी करते, शरीराचा पुढचा भाग उचलते आणि झटकन चावते. मान चपटी केलेली दिवड घाईत पाहणाऱ्याला नागासारखी वाटते आणि तेवढ्यावरच काठी पडते. फण्यावरचा आकडा, फण्याचा गोलवा यातले काही तिच्याकडे नसते. पण काठी उचललेला माणूस हे तपासत बसत नाही. दुसरीकडे, नागही उत्तम पोहतो आणि बेडकांमागे खाचरात येतो. म्हणजे ‘पाण्यात आहे म्हणून दिवड’ हेही चालत नाही.

दुसरा साप हिरवट-तपकिरी पाठीचा आणि पिवळसर पोटाचा, इंग्रजीत ऑलिव्ह कीलबॅक म्हणून ओळखला जाणारा. हा शांत असतो. नाकपुड्या डोक्यावर वरच्या बाजूला, त्यामुळे जवळजवळ सगळे अंग पाण्यात ठेवून फक्त नाक बाहेर काढून श्वास घेतो. तळ्यातल्या झाडोऱ्यात शोधायचा असेल तर अंग शोधू नका, पाण्यावर टेकलेले एक लहानसे टोक शोधा.

खाडीत काय बदलते?

खारे पाणी आले की दिवडीची सद्दी संपते. इथे राज्य करतो कुत्र्यासारख्या तोंडाचा पाणसाप, सर्बेरस रिंकॉप्स. ग्रीक पुराणातल्या नरकाच्या दारावरच्या कुत्र्याचे नाव याच्या वाट्याला आले आहे. साप बिचारा तसा अजिबात नाही. करडा, अंगावर धूसर आडवे पट्टे, जाडसर, डोळे लहान आणि डोक्याच्या वरच्या बाजूला. चिखलात पडून राहिला तर पायाखाली येईपर्यंत कळत नाही. स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक रसेल यांनी पूर्व किनाऱ्यावर राहून १७९६ मध्ये भारतीय सापांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात हा साप ‘करू बोकडम’ या स्थानिक नावाने आला आहे. पुढे बोकडम हेच नाव इंग्रजी पुस्तकांत बराच काळ चालले. घोणस या सापाच्या इंग्रजी नावातले रसेल हेच.

या सापाचे दात समजून घेण्यासारखे आहेत. नागाचे विषदंत तोंडाच्या पुढच्या भागात असतात, याचे जबड्याच्या मागच्या बाजूला. विष सौम्य आहे आणि ते मासा गार करण्यापुरते कामाचे. माणसाला त्यापासून गंभीर धोका मानला जात नाही. ‘सौम्य विषारी’ हा शब्द वाचून कोणी हात पुढे करणार असेल तर एवढेच सांगतो की चिखलातल्या जखमेत जाणारे जंतू सौम्य नसतात.

खाऱ्या पाण्यात राहायचे तर शरीरातले जादा मीठ बाहेर टाकावे लागते. त्यासाठी या सापाच्या तोंडात पुढच्या बाजूला मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी आहे. नाकपुड्यांना झडपा आहेत, पाण्यात गेला की त्या बंद होतात. अंडी घालायला कोरडी जागा शोधावी लागत नाही, कारण मादी थेट पिल्ले देते. मऊ चिखलावर घसरायला लागले की तो अंगाचे वेटोळे उचलून बाजूला टाकत तिरका चालतो. फोटोग्राफरला हवी असलेली फ्रेम हीच. निवट्या आणि इतर लहान मासे उघड्या चिखलात अडकलेले असतात, तेव्हा म्हणजे ओहोटीला आणि अंधारात तो जास्त दिसतो.

याच कुळातला गुळगुळीत, चमकदार खवल्यांचा एक दलदली साप आहे, गेरार्डा प्रिव्होस्टियाना. तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आहे, पण क्वचितच दिसतो. याने शाळेतल्या पुस्तकातले एक वाक्य मोडले. साप भक्ष्य अख्खे गिळतो, तोडून खात नाही, असे आपण शिकलो. सिंगापूरमधल्या सापांवर झालेले संशोधन २००२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा हा साप वेटोळ्यात धरतो, ओढून त्याचे तुकडे करतो आणि मग खातो, असे त्यात दिसले. तोंडात न मावणारे भक्ष्य खाण्याची ही युक्ती. खेकड्यांची बिळे पाहत उभे राहण्याचा कंटाळा असेल तर या सापाचा नाद सोडलेला बरा.

तिसरा कानस साप. लोखंड घासायच्या कानशीसारखी खरखरीत कातडी, तीही अंगाला दोन मापे मोठी असल्यासारखी सैल. या कातडीने बुळबुळीत मासा घट्ट धरता येतो. पाण्याखाली तो दोन तासांपर्यंत राहू शकतो आणि जमिनीवर अगदी असहाय असतो. बिनविषारी आहे. तरीही जाळ्यात आला की बऱ्याचदा समुद्री साप समजला जातो आणि मारला जातो.

मग धोका नेमका कोणापासून?

समुद्री सापांपासून. ते नागाच्याच कुळातले आहेत. विषदंत पुढे, आकाराने लहान, पण विष तीव्र. चोचीसारखे टोक असलेला समुद्री साप, हायड्रोफिस शिस्टोसस, खोल समुद्रापुरता राहत नाही. तो खाड्यांच्या मुखात, गढूळ उथळ पाण्यात येतो, कारण त्याचे आवडते खाणे शिंगाळा मासा तिथे असतो. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येणाऱ्या समुद्री सापांचा अभ्यास दक्षिण फाउंडेशन या संस्थेच्या संशोधकांनी केला आहे. तिथे जाळ्यात येणाऱ्या सापांत दोन जाती प्रमुख आहेत आणि त्यातली एक हीच.

आता शेपटीची गोष्ट. समुद्री सापाची शेपूट वल्ह्यासारखी उभी चपटी असते. दिवड, ऑलिव्ह कीलबॅक, कुत्र्याच्या तोंडाचा पाणसाप, या सगळ्यांची शेपूट गोल आणि निमुळती. डोक्याचा आकार, रंग, पट्टे यावरून नवखा माणूस चुकतो, कारण लहान समुद्री सापाच्या आणि काही पाणसापांच्या अंगावरचे पट्टे सारखे वाटतात. शेपूट मात्र सहसा फसवत नाही. कानस सापाची शेपूट किंचित दबलेली असते, एवढाच गोंधळ. संशय आला तर समुद्री समजून चालावे. म्हणून खाडीवर काढलेल्या प्रत्येक सापाच्या फोटोत शेपूट यायला हवी. लोक डोक्याचे वीस फोटो आणतात आणि ज्याने निकाल लागला असता तो भाग चिखलात राहतो.

समुद्री सापाचा दंश अनेकदा दुखत नाही, सूज येत नाही. काही वेळाने स्नायू दुखू लागतात, अंग आखडते, पापण्या जड होतात, लघवी गडद होते. ‘काही झाले नाही’ म्हणून घरी बसून राहण्याची चूक इथेच होते. दुसरी अडचण अशी की भारतात सरकारी रुग्णालयांत मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी तयार होते. समुद्री साप त्यात नाही. अशा रुग्णाला वाचवतात ते श्वासाचा आधार, मूत्रपिंडावरचे उपचार आणि वेळेवर पोहोचणे. अंजनवेलहून आधी गुहागर आणि मोठ्या उपचारांसाठी चिपळूण गाठावे लागते. गुहागर ते चिपळूण हेच अंतर साधारण ४५ किलोमीटर आहे. चावा कोणत्याही सापाचा असो, करायचे एकच : हातपाय स्थिर ठेवणे, कापाकापी आणि घट्ट आवळपट्टी न करणे, १०८ ला फोन करून रुग्णालयाकडे निघणे. साप पकडून न्यायची गरज नाही. दुरून काढलेला फोटो पुरतो.

देशात सर्पदंशाने २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. यात समुद्री सापांचा वाटा फार लहान. पण जाळ्यातून साप हाताने सोडवणाऱ्या खलाशाला सरासरीचा काय उपयोग?

कोणत्या वेळी जायचे?

खाडीच्या सापांसाठी घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला ६. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही, त्यामुळे हे गणित जमते. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकलेल्या सूत्रांपैकी इतके सुटसुटीत एकही आठवत नाही.) भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी.

आता हे सापावर लावून पाहू. आपल्याला हवी ती अंधार पडल्यानंतरची ओहोटी, आणि पाणी बरेच मागे गेलेले हवे, म्हणजे उधाणाच्या जवळचा दिवस. पौर्णिमेला ओहोटी साडेपाचच्या सुमारास, उजेडात. अष्टमीला मध्यरात्री, पण तेव्हा भांग असतो, पाणी फारसे हटत नाही. द्वितीया ते चतुर्थी या दिवसांत मात्र ओहोटी साधारण पावणेआठ ते सव्वानऊ या वेळेत येते आणि उधाणाचा जोरही पुरता गेलेला नसतो. महिन्यात दोनदा असे दिवस मिळतात. हा ढोबळ हिशेब आहे. खाडीत आत जावे तसा उशीर वाढतो, पावसाळ्यात नदीचे पाणी गणित बिघडवते. निघण्याआधी त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहायलाच हवा, आणि गावातल्या मच्छीमाराला विचारायला हवे. ओहोटीची वेळ उलटली की परत फिरायचे, एक फ्रेम राहिली असली तरी. अंधारात भरतीचे पाणी आधी मागच्या खोलगट भागात भरते आणि परतीची वाट बंद होते.

दोन गोष्टी सापांशी थेट संबंध नसूनही सांगायला हव्यात. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत. चिपळूण तालुक्यात मालदोलीच्या बाजूला त्या दाखवण्यासाठी बोटफेऱ्या चालतात. पाण्याच्या कडेला बसून लेन्समध्ये डोळा घालण्याआधी हे आठवावे. दुसरे फुरसे. जांभ्याच्या कातळावर, दगडांच्या खाचेत, रस्त्याच्या कडेला बसणारा हा लहानसा साप रत्नागिरी जिल्ह्याची जुनी ओळख आहे. पाणसाप पाहायला निघालेला माणूस पाण्यापर्यंत पोहोचण्याआधी सड्यावरून चपला घालून अंधारात चालतो, धोका तिथे जास्त. गमबूट आणि टॉर्च, दोन्ही गाडीपासूनच.

फोनने फोटो येतो का?

येतो, मर्यादेत. पाण्याबाहेर डोके काढलेली दिवड दोन-तीन मीटरवरून फोनच्या झूमने ठीक येते. त्याहून जवळ जाण्याची गरज वाटली तर फोन पुरेसा नाही असे समजावे. ३०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स असेल तर साप आपल्याला पाहून वागणे बदलण्याआधी फ्रेम मिळते. चांगला फोटो तोच, ज्यात साप स्वतःचे काम करत असतो.

पाण्याखालचा साप टिपताना अडचण असते ती पृष्ठभागावरच्या चकाकीची. इथे पोलरायझर कामाला येतो. पाण्यावरून सुमारे ५३ अंशांच्या कोनात, म्हणजे पृष्ठभागापासून मोजले तर ३७ अंशांवर परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो आणि फिल्टर फिरवून तो कापता येतो. बांधावर उभे राहून थोडे पुढे पाहिले की हा कोन आपोआप मिळतो. सरळ खाली पाहिले तर फिल्टरचा उपयोग नाही. फोनसाठी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवली तरी फरक दिसतो. आणखी एक, वरून पाहताना पाण्याची खोली खऱ्याच्या पाऊणपट भासते, साप वाटतो त्याहून खाली असतो. फोकस चुकत असेल तर आधी चकाकी पाहा, कारण कॅमेरा बऱ्याचदा सापाऐवजी तिच्यावरच फोकस धरतो.

रात्री टॉर्चचा झोत थेट डोळ्यांवर नको. सापाला पापण्या नसतात, त्याला डोळे मिटता येत नाहीत. झोत बाजूच्या चिखलावर टाकून परतणाऱ्या उजेडात आयएसओ वाढवून काढलेला थोडा खरखरीत फोटो चालतो. ओळख पटवण्यासाठी तीन फ्रेम पुरतात : डोके बाजूने, शरीराचा मधला भाग, शेपूट.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत फक्त मारणे येत नाही. पकडणे, फासात अडकवणे, हाकणे, आमिष दाखवणे हेही त्यात येते. रीलसाठी सापाला शेपटीने उचलणे किंवा काठीने चांगल्या जागी सरकवणे म्हणजे काय, हे वाचकांनी ठरवावे. दिवड आणि कुत्र्याच्या तोंडाचा पाणसाप ही दोन्ही नावे कायद्याच्या जुन्या यादीतही दुसऱ्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कांदळवनाचा बराच भाग राखीव वन आहे, राज्यात २०१२ पासून त्यासाठी वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. आत शिरण्याआधी वन कर्मचाऱ्यांना विचारणे सोपे पडते.

फोटो काढून झाल्यावर?

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या ठिकाणी तो टाकला तर जाणकार ओळख पटवतात आणि ती नोंद संशोधकांनाही वापरता येते. दिवडीचे फोटो खंडीभर आहेत. खाडीतल्या सापांच्या तारीख, वेळ, भरती-ओहोटी लिहिलेल्या नोंदी त्या मानाने थोड्या, त्यामुळे फोन आणि वही एवढ्या सामानावर खरोखर उपयोगाचे काम होऊ शकते. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश बसलेले असतात, ते समाजमाध्यमावर टाकण्यापूर्वी काढून टाकावेत. आयनॅचरलिस्टवर जागा धूसर करण्याची सोय आहे. सापाच्या नेमक्या बिळापर्यंत वाट दाखवणारी पोस्ट पकडणाऱ्यालाही वाट दाखवते.

पावसाळ्यात गुहागरच्या किंवा शेजारच्या एखाद्या किनाऱ्यावर वाळूत निपचित पडलेला साप दिसला आणि शेपूट चपटी असली, तर तो मेलेला आहे असे धरून पायाने उलटा करू नये. समुद्री सापाला वाळूवर नीट सरकता येत नाही, तो जिवंत असूनही तसाच पडून राहतो, आणि नुकताच मेलेला सापही चावू शकतो. दोन मीटरवरून फोटो काढावा, कुत्री आणि मुले लांब ठेवावीत, आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करावा.